काट्यावरचा अंगठा

सहादू वाबळे रोज सकाळी माझ्या सायकल दुकानापुढनं पाय मारत जायचा, आन् तासा-दीड तासानं तसाच माघारी यायचा. हँडलला पिशवी न्हाई, मागं पोतं न्हाई. एक्याण्णव किलोचा गडी, बसला की खालची शीट दिसायची न्हाई.

"कुठं निघाला, सहादू?"

"बाभळेश्वरला."

"काय काम काढलं?"

"काय न्हाई. माघारी यायचं."

साऱ्या कोल्हारात असं दुसरं येडं न्हवतं. बहात्तरची दिवाळी नुकतीच झाल्ती. दुष्काळ असा, की लोक खडी फोडायला जायचे, सुकडीसाठी रांगा लावायचे. आन् हा बहाद्दर अंगावरचं मांस झिजवायला घाम गाळायचा.

त्याला कारण हुतं. त्याचा आजा बेचाळीस पुरी व्हायच्या आत गेला, बाप बी तसाच. दोघं बी ह्याच्यासारखेच ढोल. बाप तर शेवटच्या आठ दिवसांत असा उतरला, की तिरडी उचलताना खांदेकरी एकमेकांकडं बघाया लागले, वर कोन हाय का न्हाई म्हनून. आता सहादूला येत्या गुढीपाडव्याला बेचाळीस पुरी व्हायची हुती. तेवढा पाडवा बघायचा, एवढंच गड्याच्या डोक्यात.

नगरच्या डॉक्टरनं त्याला शहाण्यावानी सांगितलं हुतं, "साखर, तूप, तळलेलं बंद करा. भाकरी, डाळ, पालेभाजी पोटाला लागंल तेवढी खा. सायकल चालवा. महिन्याला दोन किलो उतरलं तरी लई झालं. घाई नको."

सहादू तसंच करायचा. आन् दर रविवारी वजन बघायला आमच्याकडं यायचा. माझ्या दुकानाला लागून आडत, तिथं बन्सी मापाडी. दुष्काळानं आडतीत माल न्हाई. काटा रिकामा, बन्सी रिकामा, मी बी रिकामा. रिकाम्या मच्छिंद्राला देवानं एवढं मोठं गिऱ्हाईक धाडलं, तर मी काय सोडतो व्हय?

पोती तोलायचा तो काटा, फळी जमिनीपासून वीतभर वर. सहादू वर उभा ऱ्हायचा, डोळे दांडीवर. बन्सी वजन सरकवायचा आन् सवयीनं म्हनायचा, "लाभ!" मापाडी कवा 'एक' म्हनत न्हाई, पहिल्या मापाला 'लाभ'च म्हनतो. मी सहादूच्या मागं उभा ऱ्हायचो, त्याच्या पाठीवर हात ठेवून, लई माया आल्यागत. आन् पायाचा अंगठा हळूच फळीवर दाबायचो. दांडी सरळ हुईस्तोवर.

"एक्याण्णव," बन्सी म्हनायचा. ओठ दाताखाली धरून.

पहिल्या रविवारी चिमूटभर दाबलं तरी झालं. महिन्यानं सगळा अंगठा. पौषात तर टाच उचलून जवळजवळ निम्मा मीच वर हुतो. जेवढा तो उतरायचा तेवढा मी चढायचो. एक्याण्णव काय हालंना. सहादू खाली उतरून दांडीकडं असा बघायचा, जसा काय तिनं त्याच्या आईला शिवी दिली. तो गेला की मी आन् बन्सी पोत्यावर पडून हसायचो. बन्सीच्या डोळ्यातनं पानी यायचं.

सहादूनं आधी तूप सोडलेलं हुतंच. मग डाळ सोडली. मग दोन भाकरींची एक झाली, एकीची चतकोर. शेवटी नुसतं ताक आन् उकडलेला शेपू. बाभळेश्वर पुरंना म्हनून राहुरीला जायला लागला. डॉक्टरकडं जा म्हटलं तर म्हनायचा, "एक्याण्णव घिऊन कोन्या तोंडानं जाऊ?" अंगाला धोतर, त्यामुळं त्याला काय कळायचं न्हाई. विजार घालत असता तर नाडीनं सांगितलं असतं. धोतर काय, आनखी एक येढा मारला की झालं.

एक दिवस त्याची बायको झुंबरबाई दुकानात आली. पदर कपाळापर्यंत.

"भावजी, ह्यांच्या बरगड्या मोजून घ्या. आन् हे म्हनत्यात वजन हाय तेवढंच. तुमचा त्यो काटा बरोबर हाय ना?"

"वहिनी, काट्याला काय नातंगोतं कळतं? असंल तेच सांगतो."

"मंग माझे डोळे खोटं बोलत्यात व्हय?"

"रात्रीचं चोरून खात असंल. ढेबऱ्या मान्साचं काय सांगता येतंय?"

त्या दिवसापासनं तिनं भाकरीच्या टोपल्याला फडक्यानं गाठ मारायला सुरवात केली, हे मला बन्सीनं सांगितलं. ते ऐकून मला एवढं हसू आलं, की हातातला पान्हा पायावर पडला.

पाडवा तीन आठवड्यांवर आला. एक दिवस प्रवरेच्या पुलावर सहादू सायकल हातात धरून उभा दिसला. चढावर पाय मारवंना. गालफडं आत गेलेली, मान कोंबड्यागत. तवा म्हटलं, आता बास. गंमत संपवायची वेळ झाली. शहाणा मानूस असता तर दर रविवारी अंगठा दोन-दोन किलोनं सैल सोडला असता. पन मला त्यात मजा कसली? मला त्याचं थोबाड बघायचं हुतं. एकदम फुलल्यालं.

रविवारी मी हात पाठीवर ठेवला, पाय जमिनीवर ठेवला. दांडी धाडकन खाली. बन्सी वजन मागं सरकवतोय, सरकवतोय.

"लाभ! सत्तर."

मी टाळी वाजवली. "सहादू, जिंकलास रं गड्या! एकवीस किलो!"

सहादू हसला न्हाई. दांडीकडं बघत ऱ्हायला.

"गेल्या रविवारी एक्याण्णव हुतं," तो म्हनला. "आठ दिवसांत."

"अरं, येकदम पावलं तुला!"

"माझा बाप बी असाच उतरला हुता."

काट्यावरनं उतरला. सायकल दुकानापुढंच सोडली. पायी घरी गेला आन् आंथरुनाला पाठ टेकली. झुंबरबाईनं गाठ सोडून भाकरी पुढं केली, दूध केलं, शिरा केला. त्यानं तोंड भिंतीकडं केलं. म्हनला, आता खाऊन काय, आता लागायचं न्हाई.

तिसऱ्या दिवशी मी बन्सीला घिऊन गेलो. आत आप्पासाहेब आन् राधाकृष्ण बसल्याले. दोघं बी कांदेवाले, दरसाल बन्सीच्या काट्यावर शंभर-शंभर गोण्या घालनारे.

मी म्हटलं, "सहादू, ऊठ. तू आठ दिवसांत न्हाई उतरला. चार-पाच महिने हळूहळू उतरला. मी मागनं फळीवर पाय द्यायचो."

तो जरासा हसला. दात लई मोठे दिसले.

"मच्छ्या, माझ्या लग्नात घोड्याला मिरची लावलीस, तवा देवाची आन घिऊन म्हनला, माझा हात न्हाई. हिरीवरची मोट कापलीस, तवा बी माझा हात न्हाई. जल्मात येकदा कबूल झाला न्हाईस. आन् आज म्हनतोस माझा पाय?" त्याला दम लागला. "चांगलं हाय. मरत्या मान्साला धीर द्यावा."

"आईची आन, सहादू!"

"बन्सी, तू सांग," सहादू म्हनला. "ह्याचं सोड. काटा खरा का खोटा?"

झुंबरबाई दारात उभी, बन्सीच्या तोंडाकडं बघत. आप्पासाहेब बी बघत. राधाकृष्णानं तंबाखू मळायची थांबवली. बन्सीनं एकदा माझ्याकडं बघितलं, एकदा त्या दोघांकडं. काट्याला पाय लागतो म्हनलं, की वीस वर्सांच्या गोण्या उठून बोलाया लागल्या असत्या.

"आमच्या काट्याला कवा कुनाचा पाय लागला न्हाई," बन्सी म्हनला. "काटा खराच हाय."

सहादूनं डोळे मिटले. त्याला बरंच वाटलं बहुतेक.

पाडव्याच्या दोन दिवस आधी गेला. चौघांनी उचलला, त्यात एक मी. खरंच वर कोन असल्यागत वाटलं न्हाई. घाटावर आप्पासाहेब म्हनले, "आजा, बाप आन् आता हा. घरान्यालाच लागल्यालं हाय."

"व्हय," मी म्हटलं, "घरान्याचंच."

पुढच्या साली पाऊस बरा झाला. आडत कांद्यानं भरली. बन्सी आता माल तोलताना 'लाभ' म्हनायच्या आधी माझ्या पायाकडं बघतो. मी बी मुद्दाम चप्पल काढतो आन् एक पाऊल फळीकडं सरकतो. शेतकऱ्यांच्या गर्दीत त्याचं तोंड असं पांढरं पडतं म्हनता!

लई मजा येते.