करंगळीशेजारचं बोट

रविवारी सकाळी साडेआठला तुंगाने स्कूटर फाटकाबाहेर काढली, तेव्हाच तिला परत वर जाऊन झोपावंसं वाटत होतं. आठवडाभर शाळेत आठवी-नववीचं बीजगणित शिकवून झालं होतं, शनिवारी चाचणीचे पेपर तपासून झाले होते, आणि आता पाठीला बेस गिटार आणि पायाशी ॲम्प. हा ॲम्प म्हणजे काळा, चौकोनी, बावीस किलोंचा खोका. बेसचा आवाज त्यातून बाहेर पडतो. तिचा नवरा संकर्षण एका बाजूने धरून तो पहिल्या मजल्यावरून खाली आणायचा, स्कूटरवर पाय ठेवायच्या जागी उभा करायचा आणि सायकलच्या जुन्या ट्यूबने आवळून बांधायचा. मग तुंगाच्या पायांना जागाच उरायची नाही. दोन्ही गुडघे बाहेर काढून ती गाडी चालवायची, आणि ब्रेक दाबला की पाठीवरच्या बेसची मान हेल्मेटवर आपटायची.

"आज कुठं?" संकर्षणने ट्यूबची गाठ मारत विचारलं.

"वरुणा गावाच्या पुढं. एक नवीन कार्यालय झालंय. दुपारच्या जेवणाचं रिसेप्शन."

"काही खाल्लंस का?"

"तिथं खाईन."

तिथं कधी खायला मिळत नाही, हे दोघांनाही माहीत होतं. पाहुण्यांची शेवटची पंगत उठेपर्यंत बँडला वाजवावं लागतं. मग पानावर जे येतं ते गार झालेलं असतं.

अकरा वर्षांपूर्वी ती या बँडमध्ये आली तेव्हा छत्तीस वर्षांची होती. शाळेच्या स्नेहसंमेलनात कुणी बेस वाजवायला नव्हतं. चार तर तारा आहेत, जमेल, असं म्हणून तिने हातात घेतला तो सुटलाच नाही. बँड अनुरागचा. तो नागपूरचा, सॉफ्टवेअर कंपनीतल्या नोकरीसाठी म्हैसूरला आलेला. तो गिटार वाजवायचा आणि गायचाही. त्याच्या जोडीला गायला चंदना होती, आणि ड्रम्सवर रघूत्तमण्णा. बँकेतून निवृत्त झालेले, त्रेसष्ट वर्षांचे. तुंगासारखेच पिढ्यान् पिढ्या म्हैसुरात राहिलेल्या घरातले. दोघं मराठी बोलायला लागली की निम्मं कन्नडच असायचं, आणि अनुराग हसून म्हणायचा, "आता याचं मराठीत भाषांतर करा कुणीतरी."

रघूत्तमण्णा सोडले तर सगळे नोकरीधंदा सांभाळून वाजवणारे. महिन्यातून तीन-चार कार्यक्रम. लग्नं, साठीशांत, एखाद्या कंपनीचा कुटुंबमेळावा.

त्या दिवशी कार्यालयात पोहोचल्यावर नेहमीचंच सुरू झालं. स्टेजजवळ एकच प्लग, तोही ढिला. तुंगाने आपला एक्स्टेन्शन बोर्ड काढला, ढिल्या पिनेला चिकटपट्टी गुंडाळली, तार स्टेजच्या कडेने चिकटवून घेतली. बेस लावला, आणि एक हात तारांवर ठेवून दुसऱ्याने माइकला स्पर्श केला तर कोपरापर्यंत झिणझिण्या गेल्या. अर्थिंग नव्हतं. इलेक्ट्रिशियन म्हणाला, "आहे मॅडम, आहे," आणि निघून गेला. तिने पिशवीतून रबरी चपला काढून पायात घातल्या. रेशमी साडी आणि निळ्या रबरी चपला. अकरा वर्षांत हे तिच्या अंगवळणी पडलं होतं.

अनुरागने सगळ्यांची ओळख करून दिली. "आणि बेसवर, तुंगाताई!" सूत्रसंचालन करणाऱ्या माणसाने ते लगेच कन्नडमध्ये सांगितलं, "गिटारवर तुंगा मॅडम." हेही नेहमीचंच.

तिसऱ्या गाण्यात डाव्या हाताचं, करंगळीशेजारचं बोट अडकलं.

दोन महिन्यांपासून हे चाललं होतं. सकाळी उठलं की ते बोट तळव्यात दुमडलेलं असायचं. दुसऱ्या हाताने धरून ओढलं की टक् असा आवाज होऊन उघडायचं. दिवसभरात सैल व्हायचं, म्हणून तिने कुणाला सांगितलं नव्हतं, संकर्षणलाही नाही. आता मात्र ते गाण्याच्या मधोमध मुडपलं आणि उघडेना. उजवा हात तारांवर असल्यामुळे ओढायचीही सोय नव्हती. तुंगाला दरदरून घाम फुटला. मधले सगळे वळसे तिने सोडून दिले, दोन बोटांना जेवढे जमतील तेवढे सूर धरले, आणि उरलेले दोन तास सगळी गाणी तशीच वाजवली, एखाद्या लंगडणाऱ्या माणसाने भिंतीला धरून घर गाठावं तशी.

समोर लोक नाचत होते. नवरदेवाचा मामा टाळ्या पिटत होता. कुणाच्या काही लक्षात आलं नाही. फक्त रघूत्तमण्णांनी चौथ्या गाण्यापासून आपला हात आवरता घेतला होता. एरवी ते ओळीच्या शेवटी ड्रम्सवर एक लांबलचक फेरी मारायचे. त्या दिवशी एकही मारली नाही. पायाने मोठा ड्रम तेवढा ठळक, सरळ वाजवत राहिले, म्हणजे तुंगाला त्याच्या आधाराने चालता यावं.

जेवताना ते तिच्या शेजारी येऊन बसले.

"कुठलं बोट?" त्यांनी भातावर सार ओतत विचारलं.

तुंगाने हात पुढे केला. बोट अजून वाकडंच होतं.

"किती दिवस?"

"दोन महिने झाले अण्णा."

"अय्यो! आणि सुम्ने, उगीच वाजवत बसलीस? उद्या डॉक्टरकडे जा. परवा नाही, उद्या."

डॉक्टरने बोट दोनदा उघडून-मिटून पाहिलं. स्नायूची दोरी ज्या नळीतून सरकते ती नळी सुजली आहे, लहानशी शस्त्रक्रिया करून सैल करावी लागेल, दहा मिनिटांचं काम आहे, म्हणाला. पण दोन-तीन महिने वाद्य बंद.

संध्याकाळी तिने अनुरागला फोन केला. सांगताना तिला चोरट्यासारखं वाटत होतं. पुढच्या दोन महिन्यांत सहा कार्यक्रम ठरलेले होते.

"अरे बापरे! ताई, तुम्ही आधी बोट सांभाळा," अनुराग मनापासून म्हणाला. "इकडची अजिबात काळजी करू नका. आमच्या ऑफिसात विक्रांत आहे ना, कीबोर्डवाला, तो कीबोर्डवरच डाव्या हाताने बेस वाजवतो. मी त्याला विचारूनच ठेवलं होतं."

"कधी?"

"असंच, मागं. कुणी आजारी वगैरे पडलं तर म्हणून."

"बरं केलंस," तुंगा म्हणाली.

फोन ठेवल्यावर ती बराच वेळ स्वयंपाकघरात उभी राहिली. अनुराग चुकला नव्हता. तिने त्याच्या जागी हेच केलं असतं. तरी कुठेतरी बारीक काटा रुतल्यासारखं झालं, आणि काट्याच्या जोडीला सुटल्यासारखंही वाटलं. येत्या रविवारी तो खोका जिन्यावरून उतरवायचा नाही, हे लक्षात आलं तेव्हा तिला हसूच आलं.

शस्त्रक्रिया झाली. टाके निघाले. मधले रविवार असेच गेले. पहिल्या रविवारी ती अकरापर्यंत झोपली आणि संकर्षण दोनदा दारातून डोकावून गेला. दुसऱ्या रविवारी तिने पोहे केले, ते गरम असतानाच खाल्ले आणि दुपारी पुन्हा झोपली. एवढी झोप आपल्या अंगात साठून राहिली होती हे तिला ठाऊकच नव्हतं. पूर्वी रविवारी कार्यक्रम असला की शनिवारी बेसच्या जुन्या तारा काढून पातेल्यात पाण्यात उकळायच्या, म्हणजे त्यांच्यावरचा मळ आणि घाम निघून आवाज परत खणखणीत होतो. नव्या तारा वरचेवर घेणं परवडत नाही. आता ते पातेलं रोजच्या दुधाला आलं. बेस कपाटाच्या मागे उभा होता. तिने त्याच्यावर एक जुनी साडी टाकली.

सहाव्या आठवड्यात बन्नीमंटपाजवळच्या एका सभागृहात कुणाच्या तरी साठीचा कार्यक्रम होता. चंदनाने आग्रह केला, "ताई, या ना नुसत्या ऐकायला." तुंगा सिटी बसने गेली. हात मोकळे, खांद्याला फक्त पर्स. मागच्या रांगेत बसली.

तिच्या मनात काय होतं ते तिला स्वतःशी कबूल करायला लाज वाटत होती. तिला वाटलं होतं की बँड पोकळ वाजेल. खालचा तळच नसल्यासारखा. लोकांना कळणार नाही काय कमी आहे, पण काहीतरी कमी आहे एवढं नक्की जाणवेल.

तसं काही झालं नाही. बँड छान वाजला. विक्रांतचा डावा हात घड्याळासारखा चालत होता. एकही सूर इकडचा तिकडे नाही. ॲम्प नसल्यामुळे स्टेजवर जागाही मोकळी वाटत होती आणि चंदनाचा आवाज अधिक स्वच्छ येत होता. साठीचे गृहस्थ बायकोचा हात धरून नाचले. तुंगाने डोळे मिटून पुन्हा पुन्हा ऐकलं, खोट काढता येते का ते पाहिलं. येईना.

कार्यक्रम चालू असतानाच पाहुण्यांबरोबर तिला पंगतीला बसवलं. बिशीबेळेभातातून वाफा निघत होत्या. अकरा वर्षांत कार्यक्रमाच्या ठिकाणी खाल्लेलं हे पहिलं गरम जेवण. ते चविष्ट होतं, आणि तिला रडू येईल असं वाटलं होतं तेही आलं नाही. नुसता थकवा आला, पाठीतून पायांपर्यंत.

मध्यंतरात रघूत्तमण्णा मागच्या पायऱ्यांवर गुडघा चोळत बसलेले तिला दिसले.

"कसं वाजतंय?" त्यांनी विचारलं.

"छान वाजतंय अण्णा."

"हौदु. वाजतंय खरं," ते म्हणाले. "पोरगा हुशार आहे. कधी चुकत नाही." मग थोडं थांबून म्हणाले, "माझ्याकडं बघत मात्र नाही. अकरा वर्षं तू आणि मी एकमेकांकडं बघून वाजवलं ना गं. मी मान हलवली की तू यायचीस, तू ओठ मुडपलास की मला कळायचं ही आता थांबणार. आता मी मान हलवतो ती आपली सुम्ने, कुणासाठीच नाही."

तुंगा त्यांच्या शेजारी बसली.

"दमायला होतं तुंगा," ते म्हणाले. "पूर्वीपण दमत होतो. पण आता एकटा दमतो."

तीन महिने पुरे झाल्यावर अनुराग घरी आला. सोबत पेढे होते. संकर्षणने कॉफी केली.

"मग ताई, पुढं काय ठरवलंय?" त्याने विचारलं. नजर कपात.

तुंगाने आधीच विचार करून ठेवला होता. "मी महिन्यातून एकदाच येईन. आणि ॲम्प आणणार नाही. बेस सरळ कार्यालयाच्या साउंडला जोडायचा. माझ्याच्यानं आता दर रविवार होत नाही."

अनुरागने कप खाली ठेवला. तो वाईट माणूस नव्हता, आणि हे बोलणं त्याला जड जात होतं, हे तिला दिसत होतं. "ताई, एक कार्यक्रम तुमच्याबरोबर आणि तीन विक्रांतबरोबर म्हणजे प्रत्येक गाण्याची दोनदोनदा तालीम होणार. सगळेच नोकरीवाले. एवढा वेळ कुणाकडे आहे?"

"मग विक्रांतच राहू दे," तुंगा म्हणाली.

"तुम्हाला राग येईल..."

"नाही येत रे. तुमचं मी ऐकलंय. छान वाजतं. खरंच."

तो गेल्यावर संकर्षणने विचारलं, "तू असं एका फटक्यात का सोडलंस? अजून थोडं ताणायचंस ना." तिने मान हलवली. ताणायला अंगात काही उरलं नव्हतं. त्या रात्री तिला वाईट वाटलं, दुसऱ्या दिवशीही वाटलं, आणि सोमवार-मंगळवार शाळेत मुलांवर ती विनाकारण दोनदा ओरडली.

गुरुवारी तिच्या शाळेला अर्धी सुट्टी असते. दुपारी तीनला बेल वाजली. दारात रघूत्तमण्णा उभे होते, काखेत सरावाचं गोल रबरी पॅड आणि शर्टाच्या खिशात दोन काड्या.

"अण्णा? तुम्ही?"

"सुम्ने आलो. बोट कसं आहे?"

"उघडतंय. सकाळी जरा दुखतं."

"मग काढ तो बेस. हळूहळू वाजवू. कुणी ऐकायला नाही, कुणाचं लग्न नाही."

तिने कपाटामागून बेस ओढला. ॲम्पचा आवाज अगदी बारीक ठेवला. तारा उकळलेल्या नव्हत्या, आवाज भरड येत होता. पहिल्या दहा मिनिटांत तिचं चारदा चुकलं आणि बोट ठणकायला लागलं. रघूत्तमण्णा पॅडवर अगदी संथ लय धरून बसले होते. उजव्या पायाने फरशीवर ठेका देत होते. पाचव्यांदा चुकल्यावर तिने वर पाहिलं. ते तिच्याकडेच बघत होते. त्यांनी मान हलवली, आणि ती बरोबर जागेवर आली.

वीसेक मिनिटं वाजवलं असेल. मग ती कॉफी करायला आत गेली. दोन पेले घेऊन बाहेर आली तर अण्णा वेताच्या खुर्चीत मान टाकून झोपले होते, काड्या मांडीवर तशाच. तिने त्यांना उठवलं नाही. त्यांची कॉफी झाकून ठेवली, ॲम्पचं बटण बंद केलं आणि आपला पेला घेऊन शेजारच्या खुर्चीत पाय पसरून बसली.