चाकांचं माहेरपण

"अगं, आमची चाकं दरवर्षी तुमच्या गाडीकडे माहेरपणाला येतात," मोठी जाऊ धाकटीला म्हणाली होती. "या वेळी नवी घ्या. त्या गाडीत तुझी लेक बसते."

"गाडीच्या वार्षिक तपासणीपुरतीच तर हवीत, ताई. पास झाल्याचा स्टिकर मिळाला की परत," असं म्हणून धाकटीनं ते हसण्यावारी नेलं. एरवी दुधाची बाटली तीनतीनदा उकळणारी ती. पण तपासणी म्हणजे नुसती सरकारी कटकट, हे नवऱ्यानं तिच्या डोक्यात पक्कं बसवलेलं. दोघा भावांच्या गाड्या एकसारख्या. आदल्या दिवशी चाकं बदलायची आणि गाडी पास झाली की आपली, टायर झिजून गुळगुळीत झालेली, पुन्हा चढवायची.

सासऱ्यांना यातलं काही ठाऊक नव्हतं. काचेवरचा नवा स्टिकर बघून ते नातीला निर्धास्तपणे पाळणाघरात सोडायला न्यायचे.

एका सकाळी ओल्या रस्त्यावर, वळणावर त्यांनी ब्रेक दाबला आणि गाडी घसरत जाऊन भिंतीवर आदळली. पोरीला सीटच्या पट्ट्यानं वाचवलं. सासऱ्यांचा गुडघा फुटला.

इस्पितळातून घरी आल्यावर त्यांनी किल्ली तिच्या हातात ठेवली. "गाडी तर पास झालेली. म्हणजे माझेच हातपाय थकले. पोरीला माझ्याजवळ एकटं सोडू नकोस."

सगळं तिच्या ओठांवर आलं होतं. नवऱ्यानं नजरेनंच गप्प केलं, दिरांनी विषय बदलला, आणि तीही किल्ली घेऊन आत निघून गेली. त्यानंतर नात हात पसरून समोर उभी राहिली तरी आजोबा तिला उचलून घेईनात. "कुणीतरी धरा हिला, माझ्याकडून पडेल," म्हणायचे.

शेवटी एका दुपारी ती त्यांच्या खोलीत गेली आणि चाकांचं सगळं सांगून टाकलं.

ते चादरीची चुणी सारखी करत राहिले. "म्हणजे तपासणाऱ्याचं काही चुकलं नाही. तुम्ही दाखवलंत ते त्यानं पास केलं." मग हळूच म्हणाले, "पण सूनबाई, इतके दिवस मला असंच बसू दिलंत?"

तिनं लेकीला त्यांच्या मांडीवर ठेवलं. त्यांनी धरलं खरं, पण नजर दाराकडे, कुणी मदतीला येतंय का म्हणून.

चाकांबद्दल ती कुणाला उपदेश करत नाही. भेटेल त्याला एवढंच सांगते, "तुमच्या घरात कुणी अचानक गाडी चालवणं सोडून गप्प झालं असेल, तर आजच त्यांच्याजवळ जाऊन बसा. कसला दोष स्वतःवर घेऊन बसलेत, तेवढं विचारा."