ग्वेनबाईंनी पुसलेली सरस्वती

मित्रांनो, जुना झालोय मी, पण मला फळकूट म्हणू नका. मी फळा आहे, तोही भाईंदरचा! माझं लाकूड उत्तनच्या एका होडीचं. त्या होडीने एकदा देवमासा ओढत खाडीपर्यंत आणला होता. खोटं वाटत असेल तर देवमाशाला विचारा.

होडी मोडली, सुताराने मला घडवलं, काळा रंग दिला आणि केबिन रोडजवळच्या एका सोसायटीच्या हॉलमध्ये टांगलं. तिथे मोठ्या माणसांचा इंग्रजीचा वर्ग भरायचा. शिकवायला आल्या थेट वेल्स देशाच्या ग्वेनबाई. सातासमुद्रापलीकडची बाई सकाळी पहिला हात लावायची तो मला! मग छाती फुगणार नाही?

बाई इथे छान रुळल्या होत्या. शेअर रिक्षात अंग चोरून बसायच्या, चपला दाराबाहेर काढायच्या, "मॅडम, लग्न का नाही केलं?" याला नुसतं हसायच्या आणि आग्रहाचा तिसरा चहाही संपवायच्या. एक शिस्त मात्र कडक. सगळ्यांच्या आधी येऊन मला ओल्या फडक्याने लख्ख पुसायचं.

त्या शिस्तीनेच घात केला.

वर्गात अनसूयाबाई होत्या. मूळच्या रत्नागिरीकडच्या, वय साठीला टेकलेलं, इथे पोळी-भाजीचं दुकान. लहानपणी दसऱ्याला भावांच्या पाट्यांवर एकाच्या आकड्यांची सरस्वती उमटायची. यांना पाटीच मिळाली नाही. म्हणून दसऱ्याच्या आदल्या संध्याकाळी त्यांनी माझ्यावर सरस्वती काढली. आयुष्यातली पहिली!

सकाळी ग्वेनबाईंना वाटलं, कुणीतरी आकडे गिरवलेत. फडकं फिरलं. मी जीव तोडून ओरडलो, पण फळ्याचं कोण ऐकतं?

तेवढ्यात अनसूयाबाई झेंडू घेऊन दारात उभ्या.

"अगं बाई! पुसलीत?"

"मावशी, मॅडमना माहीत नव्हतं हो," वर्गातली रसिका घाईने म्हणाली.

"नसेल. पण माझ्या नशिबात शिकणं नाही, हेच खरं." झेंडू बाकावर ठेवून त्या निघून गेल्या.

चार दिवस त्यांची जागा रिकामी. रसिकाने बाईंना सगळं समजावलं. मग वर्ग सुटला की बाई खडू घेऊन माझ्यासमोर उभ्या. आकडा काढायचा, पुसायचा, पुन्हा काढायचा. तीन हजार वेळा! बरं, तीनशे धरा.

पाचव्या दिवशी अनसूयाबाई वर्गाचं पुस्तक परत करायला आल्या आणि माझ्याकडे बघून थबकल्या.

"हे काय? गांडुळं सोडलीत का फळ्यावर?"

"सरस्वती," बाई मान खाली घालून म्हणाल्या. मग रसिकाकडून घोकून घेतलेलं मराठी बाहेर आलं, "मावशी, चुकले. मला शिकवा."

अनसूयाबाईंनी पुस्तक काखेत मारलं. मी श्वास रोखला.

"अशी वाकडी सरस्वती असते होय? आणा तो खडू!"

त्यांनी बाईंचा हात धरून गिरवून घेतलं. चुकलं की चापट. "परत काढा!" पुस्तक द्यायचं राहूनच गेलं.

मित्रांनो, ज्यावर मास्तरीणबाईंनीच धडा गिरवला असा फळा अख्ख्या मीरा-भाईंदरात मी एकटा! आता हॉलमध्ये पांढरा चकचकीत बोर्ड आलाय आणि मी दारामागे उभा आहे. रंगाचे पोपडे निघालेत. तक्रार नाही. फक्त कुठलाही फळा पुसण्याआधी विचारत जा, हे कुणी काढलंय? त्या चार रेघांसाठी कुणी पन्नास वर्षं थांबलेलं असतं.