तविल खाली ठेवल्यावर

सिंगारवेलूच्या छातीभोवती पट्टा आवळल्यासारखं पहिल्यांदा झालं ते एका लग्नात. नवरामुलगा मंगळसूत्राची गाठ मारायला वाकला, मेव्हण्याच्या, मुत्तुकृष्णनच्या, सनईसारख्या नादस्वरमचा सूर वर चढला, आणि तविलवर, त्या जड दुतोंडी ढोलावर, दोन्ही हात कडाडून पडायच्या ऐन क्षणी पाठीच्या मधोमध काहीतरी उसळलं. फासळ्यांच्या कडेकडेनं ते दोन्ही बाजूंनी पुढे आलं आणि छातीखाली घट्ट बसलं. त्या घटकेला तविल गप्प राहणं म्हणजे घोर अपशकुन. सिंगारवेलू वाजवत राहिला. गाठ बसली, अक्षता पडल्या, मग तो खांद्यावरचं तविल उतरवून मांडवाच्या मागे जाऊन बसला. चेहरा राखेसारखा झाला होता.

"दाजी, काय होतंय?"

"काही नाही रे. श्वास घेतला की आवळतंय."

मुत्तूनं पुढचं ऐकलंच नाही. वरातीसाठी फुलांनी सजवलेली गाडी उभी होती, तीत त्यानं दाजींना घातलं आणि कुंभकोणम गाठलं. तिथल्या डॉक्टरनं छातीचा आलेख काढला, पोट दाबून पाहिलं आणि म्हणाला, "हृदय ठणठणीत आहे. वडे किती खाल्ले?" गॅसच्या गोळ्या घेऊन दोघं फुलांच्या गाडीतून घरी आले, तेव्हा गल्लीतल्या बायका हसून बेजार झाल्या.

पण गोळ्यांनी काही हटलं नाही. शिंक आली की पाठीत वीज चमकायची. कुशीवर वळायचं तर आधी मनाची तयारी करावी लागायची. बायको वडिवांबाळ रोज तेल कोमट करून पाठ चोळायची. "इथं का?" विचारलं की तो म्हणायचा, "आत. तुझा हात पोचत नाही तिथं." त्याचा एक चुलतभाऊ कुणी हाडवैद्य पाठीवर उभा राहून सगळं जागेवर आणतो असं सांगत आला, तर तिनं त्याला कॉफीसुद्धा न विचारता वाटेला लावलं. पुढे डावा तळपाय बधिर वाटायला लागला, तेव्हा मात्र तिनं भावाला बोलावून घेतलं आणि तिघं तंजावरला गेली.

मणक्यांचे डॉक्टर मरैक्कायर वयस्कर, सावकाश बोलणारे. त्यांनी एमआरआयचा फोटो उजेडावर धरला. "हे बघा. दोन मणक्यांमधली गादी फुटून मागे आलीय. कमरेत, मानेत हे नेहमी होतं. पाठीच्या मध्यावर फासळ्यांचा पिंजरा आधाराला असतो, म्हणून क्वचित. इथली नस फासळीबरोबर फिरून पुढे येते. म्हणून तुम्हाला वाटलं, छातीत आहे."

"कापायचं का?" वडिवांबाळनं विचारलं.

"आत्ता नाही. मज्जारज्जूला तिथं जागा फार अरुंद, उगाच हात घालू नये. पायात बळ आहे तोवर औषध आणि व्यायाम. पण पाय लटपटायला लागले किंवा लघवीवरचा ताबा गेला, तर त्याच दिवशी माझ्याकडे यायचं. दुसऱ्या दिवशी नाही."

"आणि तविल?" सिंगारवेलूनं विचारलं.

"वजन किती असतं हो त्याचं?"

"चालायला लागलेल्या पोराएवढं. मिरवणुकीत पहाटेपर्यंत खांद्यावर असतं."

"मग ते पोर आता खाली ठेवा," डॉक्टर म्हणाले.

व्यायाम शिकवायला तमिळरसी नावाची मुलगी होती. गुंडाळलेला टॉवेल पाठीखाली घेऊन उताणं पडायचं, हात हळूहळू डोक्यामागे न्यायचे, श्वास पोटात नाही, फासळ्यांत भरायचा. "फासळ्या उघडा, आजोबा," ती म्हणाली.

"आजोबा कुणाला म्हणतेस?"

"बरं, अण्णा. आता तरी उघडा."

घरी तो हे सगळं करायचा, पण तोंड वाकडं करून. खरं दुखणं दुसरंच होतं. देवळातल्या रोजच्या पूजेला मुत्तूनं शेजारच्या गावचा तरुण पळनिवेल तविलवर जोडीला घेतला होता. सकाळी ओसरीवर बसलं की वाऱ्याबरोबर त्यांचं वाजवणं घरापर्यंत यायचं. पोरगा वाईट वाजवत असता तर सिंगारवेलूला बरं वाटलं असतं. पळनिवेल चांगला वाजवत होता.

"घाई बघ त्याची, घाई," सिंगारवेलू म्हणायचा.

"लोकांना आवडतंय," आतून वडिवांबाळ.

"लोकांना वडेपण आवडतात."

एका दुपारी ती बाजाराला गेली होती. तविल कोपऱ्यात, खोळीत. सिंगारवेलूनं स्वतःला सांगितलं की फक्त पुसून ठेवायचं. मग खोळ काढली. मग उजव्या हाताच्या बोटांवर वाजवायची कडक टोपणं चढवली, डाव्या हातात काठी घेतली, आणि पट्टा खांद्यावर कधी आला ते त्यालाही कळलं नाही. अंगणात उभा राहून तो वाजवू लागला. हात काहीच विसरले नव्हते. त्या थोड्या वेळात तो जितका सुखी होता तितका कित्येक महिन्यांत नव्हता. आवर्तन संपवून तविल उतरवायला वाकला, आणि डावा पाय त्याच्याखाली राहिलाच नाही.

वडिवांबाळ परत आली तेव्हा तो जमिनीवर आडवा होता आणि तविल घरंगळत विहिरीच्या कठड्यापाशी गेलं होतं. ती ओरडली नाही. पिशवी टाकून आधी त्याच्या पायांशी बसली. "हलवा बोटं."

बोटं हलली. जराशी.

मग मात्र ती तिथंच मातीत बसून रडली. "तुमचे पाय गेले तर तुम्हाला उचलणार कोण? मीच ना? न्हाणीघरात नेणार कोण? मग हे करण्याआधी मला विचारलंत का?"

 पाठ आपली, दुखणं आपलं, वाजवणं आपलं, असंच सिंगारवेलू इतके दिवस धरून चालला होता. ती रोज तेल घेऊन बसायची तेव्हा तिच्याही वाट्याला काही येत असेल, हे त्याच्या मनाला शिवलं नव्हतं.

त्याच दिवशी तंजावर. डॉक्टर रागावले, पुन्हा फोटो काढला, ठेवून घेतलं. शस्त्रक्रिया टळली. पायातलं बळ सावकाश, अगदी कंटाळा येईल इतकं सावकाश, परत आलं. या वेळी त्यानं व्यायाम तोंड वाकडं न करता केला. संध्याकाळी तो आणि वडिवांबाळ भाताच्या बांधावरून चालायला जाऊ लागले. ती पुढे, तो मागे. दम लागला की तो नुसतं खाकरायचा आणि ती थांबायची.

देवळाचा उत्सव जवळ आला तसा मुत्तू तणतणत घरी आला. त्यानं देवस्थानाला विचारलं होतं की पालखी थांबते तिथं चौरंग मांडू, दाजी बसून वाजवतील, चालताना पळनी वाजवेल. देवस्थानातले जुने कारभारी वैद्यलिंगम पिळ्ळै म्हणाले, देव रस्त्यात उभा आणि वाजवणारा बसलेला, हे बरं दिसत नाही.

"मी पण नाही वाजवत मग," मुत्तू म्हणाला. "शोधू देत दुसरा."

"वेडा आहेस का?" सिंगारवेलू शांतपणे म्हणाला. "ते बरोबर बोलतात. मीही हेच म्हणालो असतो. पळनीला पाठव माझ्याकडे."

पळनिवेल आला तो दारातच घुटमळला. सिंगारवेलूनं त्याला समोर बसवलं, लाकडी पाट पुढे ओढला आणि त्यावर बोटांनी दाखवू लागला. "दक्षिणेच्या रस्त्याला वळताना मुत्तू श्वास लांब घेतो. तिथं भरायला जाऊ नकोस. जागा सोड."

"अण्णा," पोरगा थोड्या वेळानं धीर करून म्हणाला, "मला वाटायचं, तुम्ही मला शिव्या देत असाल."

"देतो की. रोज सकाळी." आतून वडिवांबाळचं हसू ऐकू आलं.

उत्सवाच्या संध्याकाळी सिंगारवेलू बायकोबरोबर कोपऱ्यावरच्या भिंतीला पाठ टेकून उभा राहिला. दिवट्या आल्या, मुत्तू आणि पळनी वाजवत पुढे गेले. वळणावर पळनीनं जागा सोडली.  सिंगारवेलूला झालं ते सुख होतं की दुसरं काही, त्याचं त्यालाच ठरवता येईना. आणि मग गर्दीच्या डोक्यांवरून देव आला. माळा, हिरे, दिवट्यांच्या उजेडात हलणारा तो चेहरा. तरुणपणापासून सिंगारवेलू या मिरवणुकीत होता, पण वाजवणारे पुढे चालतात. देव कायम त्याच्या पाठीमागे राहिला होता.

"असा दिसतो होय," तो म्हणाला.

"दरवर्षी असाच दिसतो," वडिवांबाळ म्हणाली. "मी इथंच उभी असते. आधी तुम्ही यायचात, एका अंगाला झुकलेले, घामानं भिजलेले. मला वाटायचं, हाक मारावी, टेका म्हणावं जरा."

"मारायची होतीस."

"ऐकू आली असती?"

 हल्ली, उत्सव होऊन गेल्यावर, सकाळच्या पूजेला सिंगारवेलू देवळाच्या मंडपात बसून थोडा वेळ वाजवतो. छातीभोवती आवळायला लागलं की उठून खांबाला टेकतो, फासळ्यांत श्वास भरतो आणि बाकीचं पळनीवर सोडतो. पट्टा पुरता सुटलेला नाही. डॉक्टर म्हणतात, सुटेलच असं नाही.

पण त्या संध्याकाळी पालखी पुढे गेल्यावर त्यानं भिंतीपासून पाठ सोडवली.

"दुखतंय का?" वडिवांबाळनं विचारलं.

"दुखतंय. चल, थोडं मागून जाऊ."

ती त्याच्या डाव्या अंगाला झाली, आणि दोघं गर्दीबरोबर हळूहळू चालू लागली.