अळ्यांची ऊब

"भावोजी, कुऱ्हाड आधी माझ्यावर घाला, मग झाडावर!" म्हणत थोरल्या भावाची बायको, थोरली, बुंध्याला पाठ लावून बसली.

आमचं रान त्यांच्या बांधाला लागूनच. खुरपं टाकून मी धावलो. दोघा भावांच्या सामाईक बांधावर झाडांची रांग होती. आता हे एकच उरलेलं. बाकीची धाकट्याच्या भट्टीत गेली.

धाकटा नि त्याची बायको शेडमध्ये अळ्या पाळायची. ट्रेवर ट्रे रचलेले, त्यात पिवळी वळवळ. वाळवून कोंबड्यांच्या खाद्यात जायच्या. कंपनीचा माणूस पहिल्यांदा आला तेव्हा म्हणाला, "उष्टंखरकटं घाला, त्यावरच वाढतात. जमीन वाचेल, झाडं वाचतील." आम्हीही माना डोलावल्या. मग अळ्या लहानमोठ्या निघायला लागल्या, तर म्हणे कोंडाच घाला. थोरलीच्या गाईच्या तोंडचा कोंडा तिकडे वळला. थंडी पडली, तर म्हणे शेड गरम ठेवा. विजेचा तर पत्ता नसायचा, म्हणून लाकडाची भट्टी.

"अळ्यांना हुडहुडी भरते म्हणून झाड तोडता?" थोरली म्हणाली. "वारं अडवायला एवढंच राहिलंय. माझं पीक झोपेल."

"वहिनी, मला काय हौस आहे?" धाकट्यानं कुऱ्हाड खाली ठेवली. "शेड गार पडली की सगळं मेलं."

धाकटी येऊन जावेशेजारी बसली नि पदरात तोंड घालून रडायला लागली. थोरलीनं तिच्या पाठीवर हात फिरवला. मग उठली.

"तुमच्या बाजूला पाडा," एवढंच म्हणाली. "माझ्या पिकावर नको."

त्याच रात्री ते ओलं लाकूड भट्टीत घातलं. जळायच्या ऐवजी धुमसलं. शेडमध्ये धूर कोंडला, म्हणून खिडक्या उघडल्या. बोचरं वारं सरळ आत घुसलं. सकाळी बघतो तर ट्रेमध्ये एकही अळी हलत नव्हती. धाकटी ट्रे उचलायची, खड्ड्यात पालथा करायची. थोरली दुसऱ्या बाजूनं हात लावत होती. तिकडे तिचं पीक वाऱ्यानं आडवं झालेलं.

धाकट्यानं कंपनीला फोन लावला. बोलून झालं तरी तो फोनकडेच बघत उभा.

"काय म्हणाले?" मी विचारलं.

"काळजी करू नका म्हणाले. परवा अळ्यांचं नवं बियाणं पाठवतात." त्यानं मोकळ्या बांधाकडे बघितलं. "तोवर शेड तेवढी गरम ठेवा म्हणाले."