डाव्या हातावरचं बाळ

“भाऊ, कसं वाटते?” श्यामने विचारलं.

धर्मपाल चर्चच्या आत उभा राहून, मान वर करून खिडकीकडे बघत होता. मार्चच्या गारपिटीत, बाळ येशूला हातावर घेतलेल्या संत अंतोनीची इथली रंगीत काचांची खिडकी तडकली, तेव्हा जुन्या फादरांनी दुरुस्तीचं काम त्याच्यावर सोपवलं होतं. अकोल्यात तीस वर्षं त्याने सलूनचे आरसे आणि दुकानांच्या काचा बसवल्या. असं काम जन्मात एकदाच आलं. आत प्रार्थना चालायची, म्हणून बाहेरून शिडी लावून त्याने आठ दिवस एकेका तुकड्याचा खाका कागदावर उतरवला. मग मोतीबिंदूच्या ऑपरेशनला अमरावतीला, बहिणीकडे गेला. जाताना खाका श्यामच्या हवाली केला. श्यामला काच कापायला त्यानेच शिकवलं होतं, पाठच्या भावासारखा जीव लावला होता. “काई घाई नाई, आराम करा,” श्याम फोनवर म्हणायचा.

आणि इथे बघावं तर एकच सलग काच, तिच्यावर छापलेलं चित्र. तुकडे सांधणाऱ्या शिशाच्या पट्ट्यासुद्धा छापलेल्याच.

“बाळ येशू डाव्या हातावर होता, इथी उजव्यावर आला,” धर्मपाल म्हणाला. “खाका बाहेरून काढेल होता, श्याम. तो पलटवा लागते. तू तसाच छापून आनला.”

एवढ्यात नवे फादर आले. जूनमध्ये बदलून आलेले. जुनी खिडकी श्यामने त्याआधीच उतरवली होती, त्यांनी ती पाहिलीच नव्हती.

“फादर, संत उलटा लागला.”

फादरांनी खिडकीकडे पाहिलं, मग त्याच्याकडे. त्यांना त्याची दया आली असावी. “श्यामभाऊंनी सांगितलं, तुमची नजर गेली म्हणून. फार वाईट वाटलं. काम मग त्यांनाच दिलं.”

धर्मपाल श्यामकडे वळला. काम गेलं ते गेलंच, ह्या श्यामने तर आपले डोळेच काढून घेतले.

“मले लख्ख दिसते, फादर. श्याम, तू सांग. बाळ कोन्या हातावर होतं?”

श्याम खाली बघत राहिला. “आता इतकं कुठी आठवते, भाऊ. तुमी डोयाले तान नका देऊ.”

धर्मपालने त्याच्याकडे एकदा नीट पाहून घेतलं आणि तो दाराकडे वळला. फादर लगबगीने मागे आले. त्यांनी त्याचा दंड धरला.

“सांभाळून हं. तीन पायऱ्या आहेत.”

“चार हायेत,” धर्मपाल म्हणाला. फादरांचा हात त्याने हळूच सोडवला आणि एकटाच खाली उतरला.