दुहेरी मुलाम्याचं रक्त

कुणाचाही विश्वास बसणार नाही, म्हणून मी शपथ घेत नाही. उगाच शपथेची अब्रू जायची. पण त्या दिवशी माझं रक्त असं सुसाट धावत होतं, की नाडी मोजता मोजता डॉक्टरांनाच धाप लागली.

झालं असं, की आमच्या हिच्या पायाची बोटं निळी पडली. रक्तातल्या तांबड्या पेशी ओल्या बशांसारख्या एकमेकींना चिकटायच्या आणि ती चळत बारीक रक्तवाहिनीत अडकून बसायची. माझी पुतणी प्रयोगशाळेत यावरच काम करते. रुग्णाचंच रक्त काढायचं, पेशी मिठाच्या पाण्यात अलगद धुवायच्या, प्रत्येकीला पॉलिमरचा पातळ मुलामा द्यायचा. मग त्या एकमेकींना अंगाला अंग लावू देत नाहीत, भांडलेल्या जावांसारख्या सुटसुटीत चालतात. तेच रक्त परत चढवायचं. नाहीतर अंगठा काढावा लागेल, असं डॉक्टरांनी स्वच्छ सांगितलेलं.

पण ही वॉर्डात भिंतीकडे तोंड करून पडली होती. म्हणे, या वयात मला रंगरंगोटी नको. पुतणीनं विनवलं, डॉक्टर रागावले, ही ढिम्म.

मग मी तिच्या खाटेवर पाय वर घेऊन बसलो, तिच्या पांघरुणात शिरलो आणि सांगून टाकलं, की तुझ्याआधी मी गुपचूप करून आलोय. त्यात पुतणीच्या हातून चुकून दुहेरी मुलामा बसला. पेशी इतक्या गुळगुळीत, की काळजानं एकदा ढकललं की दोन फेऱ्या मारून येतात. जिन्यानं निघालो, तर लिफ्ट मागे पडली. आणि पाय असे तापलेत, की सकाळी ओले मोजे चढवले ते फाटकापर्यंत वाळले, वर इस्त्रीही झाली.

शेजारच्या खाटेवरचे निवृत्त मास्तर हसता हसता खोकायला लागले. पुतणी रक्ताची रिकामी पिशवी घेऊन दारात उभी, ओठ दाबून.

हिनं तोंड वळवलं नाही. पण पांघरुणाखालून तिचा हात सरकत आला, माझ्या पावलापाशी थबकला आणि तिथंच राहिला.

"बर्फ आहे नुसता," सगळ्या वॉर्डाला ऐकू जाईल अशा आवाजात ती म्हणाली. "धादांत खोटं बोलतो हा माणूस. ये गं पोरी, टोच ती सुई. माझं झालं की यांचंही काढ."